दुसऱ्यासाठी रांधणं

कसालला महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो, तिथल्या खानावळीत सुरमईची थाळी घेतली. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता सोलकढीची वाटी पुन्हा भरली. बिलात ती नव्हती. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा निवाडा कडक आहे: जे केवळ स्वतःसाठी रांधतात, ते पाप खातात. मग पैसे घेऊन परक्यांना रांधणं काय? माझ्या मते यज्ञच. दर लावला म्हणून घास परक्याच्याच पोटात जायचा थांबत नाही.

हाच न्याय लावला, तर अडचण माझ्या गादीची. कुडाळला दुकानात बोटं रुतवून बघत, घासाघीस करून घेतलेली फोमची जाड गादी निव्वळ माझ्या पाठीसाठी. चतुर्थीला चाकरमानी येतात, ते जुन्या कापसाच्या गाद्यांवर निजतात. यंदा ही पाहुण्यांना द्यावी म्हटलं, तर बायको म्हणाली, “आदी तुमची पाठ बघा.”