पाहुण्यांच्या ताटातली भाकरी

पाहुणे यायचे म्हटलं की पुष्कळ घरांत एक बदल आपसूक होतो. एरवी रात्री भाकरी असते, त्या दिवशी कणीक भिजते. ‘त्यांना काय भाकरी वाढायची?’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि कुणी हरकतही घेत नाही. त्यामागे मायाच असते. येणाऱ्याला आपल्याकडचं चांगलं मिळावं, एवढाच हेतू. पण घरातली मुलं हे बघत असतात. कुठलं धान्य मानाचं आणि कुठलं घरच्यापुरतं, हे त्यांना कुणी शिकवत नाही, तरी ताटावरून कळतं. हल्ली भाकरी शहरांत परत येते आहे खरी, पण ती बऱ्याचदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. साखर वाढली, वजन वाढलं, की भाकरी. औषध म्हणून घरात आलेली गोष्ट पाहुण्यांपुढे कोण ठेवील?

ही समजूत एका दिवसात झालेली नाही. एके काळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गहू सणासुदीचा आणि ज्वारी-बाजरी रोजची. जे रोज मिळतं त्याचं अप्रूप कमीच. त्यात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, आली. तिने पोटं भरली, पण तिची चव आठवून आजही जुनी माणसं तोंड वाकडं करतात. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरले. गरिबाला स्वस्तात मिळावं हा हेतू चांगलाच होता. तरी दुकानाच्या पाटीवर सगळ्यात खालचा आकडा ज्याचा, त्याला लोक मनातही खालीच बसवतात. नंतर भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं. मेळावे भरले, ज्वारीचे केक झाले, नाचणीची बिस्किटं झाली. चांगलंच झालं. पण केक खाऊन घरी आलेल्या माणसाने त्या रविवारी व्याह्यांना काय वाढलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण या धान्याचा मातीशी आणि पाण्याशी फार समजूतदार व्यवहार आहे. रब्बीची ज्वारी, म्हणजे आपला शाळू, पाऊस परतत असताना पेरतात. काळ्या रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. एखादं पाणी मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तरी ती शेतकऱ्याला सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. गव्हाला चार ते सहा पाणी द्यावी लागतात. शिवाय दाणे माणसाला आणि कडबा जनावराला, म्हणजे एकाच पेऱ्यात घर आणि गोठा दोन्ही भागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी शेतकरी ज्वारी कमी करतो आहे, आणि त्याला दोष देता येत नाही. काढणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत, दिवसभर पाखरं राखायची, आणि भावाचा भरवसा नाही. शाळू टिकायचा तर तो आवडीने, दोन पैसे जास्त देऊन घेणारी माणसं हवीत. पथ्य म्हणून दोन महिने खाऊन सोडून देणारी माणसं त्याला पुरणार नाहीत. आणि आवड लागते ती सणाला, पंगतीला, चार माणसांत. लातूर-धाराशिवकडची येळवस ज्यांनी बघितली आहे त्यांना हे पटेल. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला तिकडे गावंच्या गावं रानात जातात, शहरांतले रस्तेसुद्धा ओस पडतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, पांडवांची पूजा करायची आणि मग जेवायला बसायचं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी. ज्याला शेत नाही त्याला आवर्जून बोलावतात. साहेब असो, शिक्षक असो, शेजारी असो, सगळ्यांपुढे तेच. ‘तुमच्यासाठी पोळ्या केल्यात’ असं तिथे कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर पाहुणाच हिरमुसेल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपण अशाच मानाने करतो. म्हणजे ही रीत आपल्याला ठाऊक आहे. वर्षातल्या दोन-तीन दिवसांपुरती ती कोंडून ठेवली आहे, इतकंच.

तेव्हा या आठवड्यात कुणी जेवायला येणार असेल, तर बेत भाकरीचा करून बघा. सोबत झणझणीत पिठलं किंवा भरलं वांगं, लोण्याचा गोळा, ठेचा, कांदा. ‘घाईत काही जमलं नाही हो’ असं म्हणत वाढू नका. कौतुकाने वाढा, शाळू कुठला आहे ते सांगा. सोबत चार पोळ्या केल्या तरी बिघडत नाही, आग्रह मात्र भाकरीचा करा. एक अडचण खरी आहे. भाकरी गरम हवी, म्हणजे करणारी तव्यापाशी आणि बाकीचे गप्पांत. हे बरं नव्हे. एकाने थापावी, दुसऱ्याने भाजावी, आणि घरातल्या पुरुषांनी, मुलांनीही हात लावावा. पहिल्या भाकरीचा नकाशा होईल, होऊ दे, पाहुणे हसतील आणि खातीलही. थापणं अगदीच जमत नसेल तर जवळपास भाकरी करून देणारी एखादी बाई नक्की असेल. तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि ती सांगेल तो दर द्या. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तर डब्यातून काढून लगेच वाढता येते. आणि एक सांगायचं राहिलं. ज्वारी एकदम पाच किलो दळून आणू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि मग सगळा दोष करणारीच्या हाताला लागतो. किलो-दीड किलोच दळून आणा.