उपकार नकोत, सही हवी

गोपाळराव जोशींनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनरी मंडळींकडे मदत मागितली, तेव्हा मदतीची बोली होती धर्मांतराची. तो पत्रव्यवहार वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यानं आपल्या मासिकात छापला, आणि दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या न्यू जर्सीच्या कारपेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला. पुढे १८८३ साली आनंदीबाई आल्या त्या रोझेल गावी, त्यांच्याच घरी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कारपेंटरबाईंनी धर्माबद्दल काही अट घातली नाही.

ही गोष्ट आम्हाला कारपेंटरबाईंच्या थोरवीची म्हणून सांगितली गेली, आणि ती थोरवी आहेच. पण तत्त्वज्ञानात पीएचडी करायला इथं आल्यापासून मला तिची भीतीच वाटते. बाईंनी त्या दिवशी दुसरं मासिक उचललं असतं तर? एका बुद्धिमान मुलीचं आयुष्य कुणाच्या तरी चांगुलपणावर, आणि तोही योगायोगानं जागा झालेल्या, टांगलेलं असावं का?

माझ्या वाट्याला कारपेंटरबाई आल्या नाहीत, एक ऑफिस आलं. मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठातलं, परदेशी विद्यार्थ्यांचं. दुसऱ्या सत्रात माझ्या मणक्याची चकती सरकली. बसवत नव्हतं, तीन कोर्स झेपणं शक्य नव्हतं. पण एफ-वन व्हिसावर असलेल्यानं पूर्ण अभ्यासक्रम घ्यायलाच हवा, आणि आमच्याकडे तो नऊ क्रेडिटचा. न विचारता एक कोर्स सोडला की इथं राहण्याचा आधारच जातो. तिथल्या सल्लागार बाईंनी क्रम सांगितला. आधी डॉक्टरांचं पत्र. मग त्या ‘सेव्हिस’मध्ये, म्हणजे सरकारच्या संगणकीय नोंदवहीत, परवानगी चढवणार. त्यानंतरच कोर्स सोडायचा, आधी नाही. ही सवलत दर सत्राला नव्यानं घ्यावी लागते आणि एका पदवीच्या पातळीवर सगळी मिळून बारा महिन्यांपलीकडे जात नाही. हे सगळं त्यांनी स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी अशा आवाजात सांगितलं. मी हुशार आहे का, गरीब आहे का, कुठल्या देवाला मानते, काही विचारलं नाही. माझ्या रडण्याकडेही फारसं लक्ष दिलं नाही; टिश्यूचा डबा तेवढा पुढे सरकवला.

सांगलीहून आईनं घोषा लावला, ‘त्यांना काहीतरी नेऊन दे गं, उपकार ठेवू नयेत कुणाचे.’ मी शंकरपाळ्यांचा डबा नेला. बाईंनी तो परत केला. हे माझं कामच आहे, म्हणाल्या, आणि भेटवस्तू आम्हाला चालत नाही. आईला हे लागलं. ‘कसली कोरडी माणसं!’

मला मात्र तो कोरडेपणा आवडला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कुठलं, तर देणं हे कर्तव्य आहे म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला दिलेलं. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. त्या हिशेबानं शंकरपाळे नाकारणाऱ्या बाई कारपेंटरबाईंच्या शेजारी बसतात. कांटनं तर १७९५ च्या शाश्वत शांतीवरच्या निबंधात परक्याचं आतिथ्य हा भूतदयेचा विषयच नाही, हक्काचा आहे, असं म्हटलं. (हे लिहिणारा माणूस जन्मभर क्योनिग्जबर्गच्या परिसराबाहेर पडला नाही, हे वेगळं.) पण त्याचा हक्क तुटपुंजा आहे. परक्याला शत्रूसारखं वागवू नये, इतकाच. पाहुणा म्हणून घरात राहायचं तर वेगळा करार लागतो. माझ्याकडे तो कागद आहे, आय-ट्वेंटी नावाचा.

आणि इथंच माझी अडचण होते. ज्या हातानं मला सवलत दिली, त्याच हातानं माझी खबर सरकारला जाते. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं, तो बदल नोंदवणार ह्याच बाई. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००३ मध्ये ही नोंदवही सक्तीची झाली, ती मुळात आमच्या मदतीसाठी नव्हे. २०२५ च्या वसंतात सरकारनं हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी परस्पर रद्द केल्या. अनेक विद्यापीठांना ते नोंदवही उघडल्यावर कळलं. मुलं कोर्टात गेली, आणि एप्रिल संपता संपता सरकारनं नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. त्या दिवसांत बाईंच्या सहीला काडीची किंमत नव्हती. हक्क हक्क म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते, तो एका बटणानं पुसला जात होता.

तेव्हा आमच्या ऑफिसनं रोज सकाळी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद तपासायला सुरुवात केली. तसं करा असं कुठल्याही नियमात नव्हतं. ती भूतदया होती की कर्तव्य, ह्यावर माझं आणि माझ्या गाइडचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, शेवटी माणुसकीच कामाला आली, तुझा कांट नव्हे. मला हे पटत नाही. ऑफिसातल्या बाई एकेका मुलावर माया करत नव्हत्या. यादीतलं एकही नाव सुटू नये म्हणून बघत होत्या, नावडत्या मुलाचंसुद्धा. माया अशी सगळ्यांना पुरत नाही. आनंदीबाईंना पुरली, पण तेव्हा अमेरिकेत शिकायची इच्छा धरणाऱ्या, कुणाच्याच नजरेला न पडलेल्या मुलींचं काय झालं असेल, ह्याची नोंद कुठल्याही वहीत नाही.

ह्या ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी एवढं करावं. कोर्स सोडायचा असो की देशाबाहेर जायचं असो, आधी त्या ऑफिसात विचारा, सीनियरना आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नंतर. तिथे विनवण्या करायची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र मात्र सहीचं न्या.