मुद्रा कोणाची, दोष कोणाचा?

प्राचीन पारस देशात, म्हणजे आजच्या इराणात, थोर मनुष्याची मुद्रा तोच त्याचा शब्द मानीत. अकीकासारख्या कठीण पाषाणावर चित्र उलटे कोरीत, म्हणजे ओल्या मातीवर ते सुलटे उठे. लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्ये दारयावेश राजाच्या नावाची मुद्रा आहे. तीवर राजा रथातून सिंहावर बाण सोडीत आहे, वर पंख पसरलेली दैवी आकृती आहे आणि नाव तीन भाषांत कोरिले आहे. राजा अरिष्टाचा नाश करितो, हा त्या चित्राचा भाव दिसतो.

परंतु पाषाण ठसा उठवितो. न्याय-अन्याय जाणत नाही. एस्तेरच्या पुस्तकात अहश्वेरोश राजा आपली मुद्रा हामानाच्या हाती देतो, आणि एका सबंध लोकांच्या संहाराचा हुकूम राजाच्याच ठशाने निघतो. दोष कोणाचा? हामानाचा खराच, परंतु आमच्या मते राजाही सुटत नाही. दुसऱ्याच्या हाती सोडिलेला ठसा हाही आपलाच शब्द होय.

पर्सेपोलिस येथे 1933 साली मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत पर्नाका नामक कारभाऱ्याचे उदाहरण आहे. त्याच्या ठशावर कोठारांतून धान्य सुटे. ख्रि. पू. 500 मध्ये त्याने मुद्रा बदलिली, तेव्हा जुनी आता आपली नव्हे, या पाटीवरील नवी ती आपली, असे त्याने स्पष्ट कळविले. त्यास आपल्या शब्दाची चाड होती.

वाचकहो, आपली सही किंवा अंगठा हीच आपली मुद्रा. कागद वाचून घेतल्यावाचून ती उठवू नये.