अंधारातला घडा आणि मुक्कीचा बारासिंगा

बालाघाटात माझं फोटो छापण्याचं दुकान आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की गेटातून परतलेली मंडळी पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, "भाऊ, दाणे फार आलेत, साफ करून द्या." शिकलेली पोरं त्यालाच नॉइज म्हणतात.

प्रकाश कणाकणानं येतो, म्हणून हे दाणे. सेन्सरच्या एका टिपक्यावर सरासरी १०,००० कण पडले, तर साधारण शंभराचा कमीजास्तपणा होतो, म्हणजे १ टक्का. सालाच्या जंगलात सांजवेळी १००च पडले, तर दहाचा फरक, म्हणजे १० टक्के. महागडा कॅमेराही यातून सुटत नाही.

सॉफ्टवेअरनं सगळे दाणे पुसले की फोटोतल्या बारासिंगा हरणाच्या मानेवरचे केसही जातात आणि मातीचं खेळणं उरतं. मग मी वरून थोडे बारीक दाणे पेरतो. गिऱ्हाईक खूश: "आता कसा शार्प आला!" खरं तर एकही केस परत आलेला नसतो. कडा ठळक असल्या आणि मधे जरा खडबडीतपणा असला, की डोळा त्यालाच पोत समजतो. जास्त पेरले तर मात्र कडाही बुडतात.

मग खरं चित्र कोणतं? इथे मला आपले जुने तत्त्वज्ञ आठवतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक न दिसण्यालाही प्रमाण मानत; त्याचं नाव अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. पण त्याला एक अट आहे: घडा असता तर दिसला असता, एवढा उजेड हवा. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

ही अट गुळगुळीत फोटो लपवतो. भरदुपारी पाहून आल्याच्या थाटात तो सांगतो, इथे केस नाहीत. मूळ दाणे निदान उजेड अपुरा होता हे कबूल करतात. १९७० साली कान्हात बारासिंगे ६६ वर आले होते. अशा जनावराच्या बाबतीत 'दिसला नाही' आणि 'नाही' यांतलं अंतर राखलेलं बरं.

मी पेरलेले दाणे त्या संध्याकाळचे नसतात, तेव्हा मीही धुतल्या तांदळाचा नाही. पण ती लबाडी लहान. नवी सॉफ्टवेअरं स्वतःच केस काढतात, पापण्या काढतात. बारासिंग्याचं एक वेळ चालेल; तेरवीसाठी आईचा जुना, धूसर फोटो मोठा करायला आणतात, तेव्हा माझा हात अडखळतो. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा आपण चारचौघांत, मंत्र म्हणून करतो. फोटोत घातलेल्या परक्या पापण्यांबद्दल कुणी कुणाला सांगत नाही, आणि हार मात्र त्यांनाच चढतो. हे मला पटत नाही. ते काम मी घेत नाही. आईचे दाणे तसेच ठेवून छापतो.

बाकी फोटो साफ करून हवे असतील तर खुशाल आणा, पण मूळ फाईल पुसू नका.