मुखत्यारीचे उत्तरदायित्व

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीच्या महापुरात ब्रिटिश अमदानीतील पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्यांसह आणखी काही वाहने प्रवाहात गेली, तेव्हा माणसे किती गेली हे त्या काळोखात सरकारी कचेरीला जसे सांगता येत नव्हते, तसेच काठावर उभे असलेल्यांनाही. अशा रात्री मुंबईच्या दफ्तरातून तालुका वार्ताहराकडे पहिली मागणी होते ती मात्र आकड्याचीच. मानधन तुटपुंजे, जाहिराती मिळवण्याचे कामही त्याच्याच माथी. तेव्हा महाडचा असो वा पोलादपूरचा, ‘अजून कळले नाही’ हे प्रामाणिक उत्तर त्याला परवडत नाही, आणि आकडा चुकला की गच्छंती त्याचीच होते.

वरिष्ठांनी प्रत्येक प्रमादाचे प्रायश्चित्त घ्यावे, असे मी म्हणत नाही. हातचुका होतच राहणार. परंतु घाईचा हुकूम ज्याचा, पडताळणीची माणसे ज्याने कमी केली आणि त्या काटकसरीची वाहवा ज्याने घेतली, त्याने ‘मला कल्पना नव्हती’ अशी कैफियत द्यावी, हे अग्राह्य होय. ते अज्ञान त्याच्याच कारभाराची निष्पत्ती असते.

कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांवर किटाळ आणणारी पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’त छापली गेली आणि ती बनावट ठरली, तेव्हा ती स्वतः न लिहिलेल्या संपादक टिळक-आगरकरांना, क्षमा मागूनही, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. (त्यांची लोकप्रियता त्याने वाढलीच, ही गोष्ट निराळी.) वृत्तपत्रकारांस कारावास मला मुळीच मान्य नाही, पण तेथे अधिकार आणि जबाबदारी एकाच उंबरठ्याआत होती. उलट २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत संबंधित न्यायाधीशाऐवजी न्या. पी. बी. सावंत, म्हणजे प्रेस कौन्सिलचेच माजी अध्यक्ष, यांचे छायाचित्र दाखवले, आणि २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. रक्कम डोळे दिपवणारी खरी. पण तो बोजा कंपनीच्या खजिन्यावर. छायाचित्र पडताळणे कोणाचे काम होते, आणि जाहीर क्षमायाचनेस दिवस का लागले, याचा जाब त्या आकड्यातून कोणालाच मिळत नाही.

अंकाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक आणि बातम्यांच्या निवडीस जबाबदार संपादक यांची नावे असतात. पोलादपूरच्या वार्ताहराचे मानधन ठरवणारा वरिष्ठ व्यवस्थापक त्या ओळीत क्वचितच सापडतो. त्याचे नाव तेथे यावे, आणि मोठी चूक झाल्यास, ती ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, ती कशी घडली याचा खुलासा त्याच्या सहीनिशी छापला जावा, एवढीच माझी मागणी आहे.