आधी सण, मग सिद्धांत

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा मुंबईकरांना वेगळी सांगावी लागत नाही. ८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि मेणाची बाळं, मेणाचे हातपाय घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. या जन्मतारखेपासून नऊ महिने मागे मोजले, की ८ डिसेंबर येतो. आईच्या उदरात मरियेच्या जीवनाला सुरुवात झाली, त्याचा हा सण. कॅथलिक त्याला निष्कलंक गर्भसंभवाचा सण म्हणतात.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो ख्रिस्ती घरांतही आढळतो. येशू कुमारी मातेच्या पोटी आला, ही श्रद्धा वेगळी. या सणातला गर्भ येशूचा नाही, मरियेचा आहे. ती चारचौघींसारखीच आईबापांच्या पोटी आली, पण आदामापासून प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारं मूळ पाप तिला पहिल्या क्षणापासून शिवलं नाही, असं कॅथलिक चर्च मानतं. पोप पायस नववे यांनी हा सिद्धांत ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला. सण मात्र त्याच्या हजारएक वर्षं आधीपासून चालू होता.

मरियेच्या आईबापांची नावं बायबलमध्ये नाहीत. ती येतात दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या एका कथाग्रंथात. योआकीम आणि ॲना हे मूलबाळ नसलेलं जोडपं. मूल नाही म्हणून योआकीमला मंदिरात अपमान सोसावा लागतो आणि तो रानात निघून जातो. इकडे ॲना बागेत बसून झाडावरच्या पाखरांच्या घरट्याकडे बघत रडते, आणि तिचं गाऱ्हाणं देव ऐकतो. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ९ डिसेंबरला सण सुरू झाला तो या आनंदाचा, वांझ म्हणून हिणवलेल्या बाईला दिवस गेले त्याचा. मूळ पापाचा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

अकराव्या शतकात हा सण इंग्लंडमध्ये, विंचेस्टरसारख्या ठिकाणच्या मठांत दिसतो. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि नव्या धर्माधिकाऱ्यांनी तो अनेक ठिकाणी दिनदर्शिकेतून काढून टाकला. कँटरबरीचा एडमर नावाचा संन्यासी यामुळे अस्वस्थ झाला. साध्याभोळ्या भाविकांचा सण शहाण्यांनी बंद पाडला, ही त्याची तक्रार होती. चेस्टनटचं फळ काट्यांच्या कवचात वाढतं आणि तरी त्याला काटा टोचत नाही, मग देवाला मरियेच्या बाबतीत हे अशक्य होतं का, असं त्याने विचारलं. देवाला ते करता येत होतं, त्याची तशी इच्छा होती, म्हणून त्याने ते केलं, एवढाच त्याचा युक्तिवाद. तर्क म्हणून तो कच्चा आहे. पण सणात मुळात काय दडलं आहे, याचा पहिला धीट शोध त्याचाच.

पुढे विरोधाला उभे राहिले ते मरियेचे शत्रू नव्हते. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड हा तिचा निस्सीम भक्त. तरीही लिआँच्या धर्मगुरूंनी हा सण सुरू केल्यावर त्याने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं आणि हा नवा पायंडा कशाला, असा जाब विचारला. तेराव्या शतकात डॉमिनिकन संन्यासी थॉमस अक्वायनसने खरी अडचण नेमकी मांडली. मरियेला पाप कधी लागलंच नसेल, तर तिला तारणाऱ्याची गरज काय? आणि तिला गरज नसेल, तर ख्रिस्त सगळ्यांचा तारणारा कसा? हा आक्षेप फार महत्त्वाचा होता. भक्तीच्या भरात मरिया ख्रिस्ताच्या उपकाराबाहेर जाऊन बसली असती, तर सणाचा पायाच निखळला असता.

उत्तर दिलं जॉन डन्स स्कोटसने. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवलेला हा फ्रान्सिस्कन संन्यासी १३०८ साली कोलोनला वारला. तो म्हणाला, ख्रिस्ताने मरियेलाही तारलं, आणि इतरांपेक्षा अधिक पूर्णपणे तारलं. पडलेल्याला उचलणं हे तारणंच. पण पडूच न देणं हे त्याहून मोठं तारणं. म्हणजे मरियेवर ख्रिस्ताचं ऋण सगळ्यांत जास्त! शतकानुशतकं लोक जे साजरं करत होते, त्याला इथे पहिल्यांदा भक्कम आधार मिळाला. यात मला थॉमसचं श्रेय स्कोटसइतकंच वाटतं. तो आक्षेप नसता, तर हे उत्तर सुचलं नसतं.

तरी वाद मिटला नाही. डॉमिनिकन संघ एका बाजूला, फ्रान्सिस्कन संघ दुसऱ्या. १४७६ साली पोप सिक्स्टस चौथे यांनी सणाच्या मिस्साला मान्यता दिली. ते स्वतः फ्रान्सिस्कन होते. पण पुढे त्यांनी दोन्ही पक्षांना एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी घातली. चर्चने निकाल दिलेला नाही, तोवर मतभेद चालतील, हा त्याचा अर्थ. धर्माच्या इतिहासात असा संयम विरळा.

राजसत्तांनी मात्र वाट पाहिली नाही. १६४६ साली पोर्तुगालचा राजा जुआंव चौथा याने निष्कलंक गर्भसंभवाच्या मरियेला राज्याची आश्रयदात्री म्हणून जाहीर केलं. त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. तो मान तिचा. पोर्तुगीजांच्या गोव्यात, पणजीला तर १५४१ पासून तिच्या नावाचं चॅपल होतं आणि १६१९ साली तिथे आजचं चर्च उभं राहिलं. आजही ८ डिसेंबरच्या आधी नऊ दिवस तिथे नोवेना चालते. फेस्ताला त्या पांढऱ्याशुभ्र नागमोडी जिन्यांवर गर्दी लोटते, आणि गुळाच्या पाकात घोळवलेल्या, आल्याचा झणका असलेल्या खाज्यांच्या पुड्या बांधून घेतल्याशिवाय कुणी घरी परतत नाही.

सिद्धांत जाहीर करण्याआधी, १८४९ साली पायस नववे यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवलं. तुमचं मत काय, हे तर त्यांनी विचारलंच, शिवाय तुमच्या लोकांची भक्ती कशी आहे, हेही विचारलं. बहुतेकांनी अनुकूल उत्तर दिलं. इंग्लिश कॅथलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमनने १८५९ साली नेमकी हीच गोष्ट दाखला म्हणून पुढे केली आणि सिद्धांत ठरवताना सामान्य श्रद्धावंतांचा कौल घ्यावा, असं लिहिलं. त्या लेखाबद्दल त्याच्याविरुद्ध रोमला तक्रार गेली. २०१९ साली त्याच न्यूमनला चर्चने संत घोषित केलं.

लोकांची प्रत्येक भावना खरीच असते, असं माझं म्हणणं नाही. पण लोक काही मनापासून जपत असतील, तर विद्वानांनी ते पुसण्याआधी समजून घ्यायला हवं. आणि लोकांनीही बर्नार्ड-थॉमसला वैरी समजू नये. या सणाला लोक आणि विद्वान, दोघेही लागले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला १८५४ चा सिद्धांत आजही मान्य नाही. ॲनाला दिवस गेल्याचा सण मात्र ते दरवर्षी पाळतं.