व्रत, वचन आणि विवेक

तीर्थक्षेत्री येणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात एखादे दिलेले वचन असते. घरातील आजारपण, रखडलेले लग्न, कोर्टातील दावा अशा अडचणीच्या वेळी नवस बोलला जातो आणि तो फेडण्यासाठी माणूस दूरवरून येतो. दिला शब्द पाळावा हा संस्कार आपल्या घरांत फार लहानपणी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कधी कधी वचन पाळावयाचे तर त्याखाली दुसराच कोणी भरडला जातो. नवस आजीने बोललेला असतो आणि तो अनवाणी चालून फेडावयाचा असतो दम्याने बेजार झालेल्या नातवाने. देणगी वडिलांनी कबूल केलेली असते आणि मोडावी लागणार असते मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव. अशा वेळी शब्दाला चिकटून राहावे की विचार करावा? आणि विचार केला, तर तो विचार आहे की पळवाट, हे कशावरून ओळखावे?

महाभारताच्या कर्णपर्वात हा प्रश्न अत्यंत बिकट रूपात उभा राहिला आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परतलेला असतो. अर्जुन श्रीकृष्णासह त्याच्या समाचाराला येतो. कर्णाला मारूनच तो आला असावा अशी युधिष्ठिराची समजूत होते. कर्ण जिवंत आहे हे कळताच वेदनेने आणि निराशेने व्याकुळ झालेला तो ज्येष्ठ बंधू अर्जुनाला वाटेल तसे बोलतो आणि अखेरीस, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक, असे म्हणून जातो. त्याबरोबर अर्जुन तलवार उपसतो. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, असे व्रत त्याने मनोमन घेतलेले असते, आणि ते मोडले तर आपण असत्यवादी ठरू, अशी भीती त्याला वाटते.

अर्जुन खोटा माणूस नव्हता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. तो सत्यनिष्ठच होता आणि त्या सत्यनिष्ठेपायीच तो पित्यासमान भावाच्या मानेवर तलवार उगारून उभा होता. व्रत अर्जुनाचे, मान मात्र युधिष्ठिराची!

श्रीकृष्ण त्याला प्रथम फटकारतो. वडीलधाऱ्या, जाणत्या माणसांची सेवा तू केलेली दिसत नाहीस, असे सुनावतो. मग तो कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या या तपस्व्याने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. एकदा दरोडेखोरांच्या भयाने काही लोक त्या रानात शिरले. पाठोपाठ दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकाला विचारले. त्याने खरे ते सांगितले. लपलेले लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. तो फारसा बहुश्रुत नव्हता, असे कथेतच म्हटले आहे. त्याला नियम ठाऊक होता, नियमाचे प्रयोजन मात्र ठाऊक नव्हते. श्रीकृष्णाचे म्हणणे असे, की धर्माचे सर्व तपशील श्रुतीत सांगितलेले नाहीत. प्राणिमात्रांचे धारण करतो तो धर्म, हे ध्यानात ठेवून कित्येक ठिकाणी तर्कानेच निर्णय करावा लागतो. मौन राखून सुटका होत असेल तर मौन राखावे, पण बोलणे भागच पडले तर तेथे असत्य बरे, असेही तो सांगतो.

व्रतही राहावे आणि भाऊही जगावा असा मार्ग दाखव, अशी विनवणी अर्जुन करतो. तेव्हा श्रीकृष्ण सांगतो, की आदरणीय व्यक्तीचा अवमान हाच तिचा वध होय. तू युधिष्ठिराला 'तू' म्हण, म्हणजे व्रत पुरे झाले. येथे चिकित्सक वाचक थबकतो. हा शब्दच्छल तर नव्हे?

शंका रास्त आहे, कारण गौतमांच्या न्यायसूत्रांत छलाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तेथे चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्षांनी सत्याचा शोध घेतला तर तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, छलाचाही आश्रय घेऊन केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडणे ही वितंडा. (आज मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झाले आहे आणि 'वितंडवाद' हा एकच शब्द होऊन बसला आहे, यावरून आपण हा विवेक कितपत राखला हे दिसते.) छलाच्या तीन प्रकारांपैकी उपचारच्छल येथे विशेष लागू पडतो. बोलणाऱ्याने शब्द लाक्षणिक अर्थाने वापरावा आणि ऐकणाऱ्याने त्याचा शब्दशः अर्थ घेऊन त्याला खोटे पाडावे. 'सारा गाव जेवला' असे म्हटल्यावर घरे आणि झाडे कशी जेवतील, असे विचारावे तसे. श्रीकृष्णाने याच्या उलट, शब्दशः घेतलेल्या व्रताला लाक्षणिक अर्थ दिला. पण छलामागे प्रतिपक्षाला पाडण्याचा हेतू असतो. येथे कोणालाही पाडावयाचे नव्हते, कोणाला अंधारातही ठेवले नव्हते. तर्काचा लाभ सांगणाऱ्याला होणार नव्हता. ज्याची मान तलवारीखाली होती, त्याला होणार होता.

याच युद्धात, द्रोणपर्वात, हाच युक्तिवाद एकदा येऊन गेला आहे. जीव वाचविण्यासाठी बोललेल्या असत्याचे पाप लागत नाही, असे तेव्हाही श्रीकृष्णाने युधिष्ठिराला सांगितले होते. युधिष्ठिराने ते मानले, पण महाभारतकार स्पष्ट सांगतात, की त्याच्या मनात असत्याचे भय होते तशी विजयाची इच्छाही होती. अश्वत्थामा मारला गेला, हे त्याने मोठ्याने सांगितले आणि 'हत्ती' हा शब्द अस्पष्ट उच्चारला. आचार्य द्रोणांनी शस्त्र ठेवले. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर राहणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला, आणि स्वर्गारोहणपर्वात याच कपटाकरिता त्याला काही काळ नरकाचे दर्शन घडले. युक्तिवाद तोच होता, पण ज्याने तो स्वीकारला त्याचा त्यात लाभ होता आणि किंमत दुसऱ्याने मोजली होती.

आजीच्या नवसाकडे या दृष्टीने पाहिले तर उत्तर फारसे दूर राहत नाही. आपल्या देहाने, आपल्या द्रव्याने फेडावयाचा नवस जड वाटू लागला म्हणून जे शास्त्र आठवते, ते नीट तपासून घ्यावे. दुसऱ्याच्या देहावर बोललेला नवस मात्र मुळात आपल्या हातचा नसतोच. तो आजीने स्वतःच्या उपासाने, नामस्मरणाने किंवा अन्नदानाने फेडला तर देव रुष्ट होईल, असे मानण्यास आधार नाही. देणगीचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण कबूल करणारा आणि घर चालविणारा एकच असतो. तेथे एकट्याने ठरवू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात जाणकारांशी करावयाच्या चर्चेचा एक प्रकार 'संधाय संभाषा' म्हणून सांगितला आहे. तीत रागीट नसलेल्या, जाणत्या माणसाशी निःशंकपणे बोलावे. हरण्याच्या भीतीने कचरू नये, जिंकल्यावर हर्ष मानू नये आणि बढाई मारू नये, असे म्हटले आहे. हा उपदेश वैद्यांसाठी असला तरी घरातल्या बोलण्यालाही तो शोभतो. मुलीची ठेव मोडण्यापूर्वी मुलीला विचारावे, हे त्यातच आले.

कर्णपर्वातील प्रसंगही 'तू' म्हणण्याने लगेच संपत नाही. अर्जुन ज्येष्ठ बंधूला नको ते बोलतो आणि लगेच पश्चात्तापाने पुन्हा तलवार उपसतो, या वेळी स्वतःच्या देहान्तासाठी. आत्मस्तुती हाच आत्मघात असे सांगून श्रीकृष्ण त्यालाही परावृत्त करतो. व्रत पार पडते, दोघेही वाचतात, पण युधिष्ठिराच्या मनाला ते शब्द लागलेले असतात. भीमाला राजा करा, मी वनात जातो, असे म्हणत तो शय्येवरून उठतो. तेव्हा ज्याने हा सारा युक्तिवाद रचला तो श्रीकृष्णच युधिष्ठिरापुढे नम्र होऊन घडलेल्या गोष्टीचे कारण उलगडून सांगतो आणि स्वतःसाठी व अर्जुनासाठी क्षमा मागतो. मग अर्जुन रडत भावाच्या पायांवर डोके ठेवतो, आणि युधिष्ठिर त्याला उठवून जवळ घेतो.